कावळा भिजायलाय ना, आई

१४ ऑगस्ट २०२३, सोमवार सकाळ. मेडिकलमधून आणलेलं ६० रुपयांचं किट हातात, त्यावर दोन रेषा, आणि बाथरूमच्या दारावर धपाधप थापा मारत आमची चिमी, "आई, आत काय करायलीस? मला पण यायचंय." चिमी म्हणजे आमची थोरली (खरं नाव राहू द्या), तेव्हा तिला तीन पूर्ण व्हायला दोन महिने कमी. नवऱ्याला सांगायच्या आधी माझ्या डोक्यात हेच आलं की बाई, हिला कसं सांगायचं आता, कारण ही पोरगी माझ्या पदराला शिवल्यासारखी, रात्री माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही.

लिहायचं कारण एवढंच की तेव्हा मी लई लोकांना विचारलं, सगळे म्हणायचे "गोष्टी सांग, गोष्टीतून लेकराला कळतं." पण कसल्या गोष्टी, कधी सुरू करायच्या, आणि सांगितल्यावर लेकरू उलटं काही बोललं तर काय करायचं, हे कुणी सांगेना. म्हणून माझं जसं झालं तसं लिहिते. बरंच चुकलेलंही आहे.

आम्ही लातूरला राहतो, भाड्याच्या दोन खोल्या अन किचन. नवऱ्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, मी घरी शिवणकाम करते. सासर औशाकडं, माहेर उदगीर. डॉक्टर मॅडम पहिल्याच व्हिजिटला म्हणाल्या की लहान लेकराला "सात महिन्यांनी बाळ येणार" म्हणजे काय ते कळत नाही, त्याला उद्या आणि परवासुद्धा नीट कळत नाही, तेव्हा घाई करू नका, पोट दिसायला लागलं की सांगा. सासूबाईंचंही तेच, त्यांचं कारण वेगळं, तीन महिने होईपर्यंत बोभाटा नको. तर ठरलं, दिवाळीनंतर सांगायचं.

पण २२ सप्टेंबरला गावाकडं महालक्ष्म्यांचं जेवण होतं, घरात तीस-चाळीस माणसं, मी पुरणाच्या वासानं मागच्या दारात जाऊन बसलेली. तेवढ्यात नात्यातल्या एका बाईंनी चिमीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर, "काय गं चिमे, भैया पाहिजे ना तुला? आईच्या पोटात आहे बघ." झालं. चिमीनं माझ्याकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, आणि मांडीवरून उतरून गेली. काही विचारलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा ती माझा कान न धरता झोपली.

म्हणून पहिली टीप ही, की घरात दहा माणसांना माहिती झालं असेल तर लेकराला तुम्हीच सांगून टाका, डॉक्टर काहीही म्हणोत. दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं लेकराला लागतं.

मग माझी धावपळ सुरू झाली. ऑनलाइन एक चित्रांचं पुस्तक मागवलं, १९९ रुपये. मोठ्या बहिणीला लहान भाऊ होतो अशी गोष्ट, चित्रं गोड होती, पण त्यातलं बाळ वेगळ्या खोलीत, दांड्यांच्या पलंगात एकटंच झोपलेलं, भिंतीला निळा रंग, वरून काहीतरी लोंबतंय. चिमीनं दोन पानं बघितली आणि म्हणाली, "त्याला एकट्यालाच कामून झोपवलंय? त्यानं काय केलं?" तिला वाटलं शिक्षा केली. मलाही खरं तर पुढं काय सांगावं सुचेना. आमच्याकडं तीन माणसं एका गादीवर झोपतात, तिथं ते पुस्तक काय कामाचं. पुस्तक वाईट नव्हतं, आमचं घर त्यात नव्हतं.

मग म्हणलं आपणच रचू. एक होती ताई, शहाणी ताई, तिच्या घरी बाळ आलं, ताईनं बाळाला खेळणी दिली, ताईनं बाळाला झोका दिला, ताई लई आनंदी झाली. तीन रात्री सांगितली. चौथ्या रात्री चिमी म्हणाली, "ती ताई येडी आहे." आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. बरोबरच होतं तिचं. ती गोष्ट नव्हतीच, तो शाळेच्या फळ्यावरचा सुविचार होता. शिवाय मी त्यात खोटं पण बोलत होते, "बाळ तुझ्यासोबत खेळेल" वगैरे. जन्मलेलं बाळ कुणाशी खेळतं? सहा महिने ते रडतं, पितं अन झोपतं.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम निवडलीच नव्हती. ऑक्टोबर, नवरात्र चालू, संध्याकाळी परतीच्या पावसाची एक जोराची सर आली आणि लाईट गेली. मोबाईलचा टॉर्च छताकडं करून ठेवला, चिमी म्हणाली गोष्ट सांग, मी थकलेली, मग आपली सगळ्यांची पाठ असलेली चिऊ-काऊची काढली. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं, पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, कावळा चिमणीच्या दारात. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला पावडर लावते. थांब, तीट लावते. एरवी तीट आली की ती स्वतःच्या गालाला बोट लावून हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"कावळा भिजायलाय ना, आई."

"हो ना गं, भिजायलाय."

"मग पावडर नंतर लावायची ना. चिऊला दिसत नाही का?"

मला काही बोलताच येईना. ही गोष्ट मी तिला शंभरदा सांगितली असेल, माझ्या आईनं मला शंभरदा सांगितली असेल, आणि मी कायम घराच्या आत चिमणीजवळ उभी राहूनच ती ऐकली. ही पोरगी बाहेर पावसात उभी होती. आई आत, बाळ आत, दार बंद, आणि जो हाक मारतोय त्याला नुसतं थांब थांब.

त्या रात्री मी गोष्ट पुरी केली नाही. म्हणलं, "तू सांग, कावळ्यानं काय करावं?" पहिल्या दिवशी तिनं कावळ्याला आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, छत्री दिली. दुसऱ्या दिवशी कावळा खिडकीतून आत आला. आठवडाभरानं कावळ्यानं स्वतःचं घर बांधलं, "शेणाचं नाही, पत्र्याचं," आणि चिऊला म्हणाला तूच ये माझ्याकडं. दिवाळीपर्यंत हे चाललं. मी फक्त "मग?" म्हणायचे. ह्या "मग?"नं जे काम केलं ते माझ्या रचलेल्या शहाण्या ताईनं केलं नाही. गोष्ट अर्धी सोडायची, उरलेली लेकराकडून घ्यायची, आणि ते काय बोलतंय ते ऐकायचं, उपदेश न करता. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे ऐकून घेणंच जड गेलं.

२२ नोव्हेंबरला मोठी सोनोग्राफी होती, अठरा ते वीस आठवड्यांत बाळाचे सगळे अवयव बघतात ती. १,८०० रुपये लागले, नंबर लावून अडीच तास बसलो. आधारकार्ड न्यायला विसरू नका, तिथं एफ फॉर्म भरावा लागतो आणि "मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही" असं लिहिलेल्यावर बाईची सही घेतात, गर्भलिंग निदान बंदीच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणं. चिमीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून सोबत आली, आणि भिंतीवरच्या पाटीला बोट लावून ही काय आहे म्हणून विचारत बसली. मी सांगितलं, इथं लिहिलंय की बाळ भाऊ आहे का बहीण ते इथं कुणी सांगत नाही. "कामून?" काय सांगणार? म्हणलं, आल्यावरच बघायचं असतं.

पण त्या पाटीचा एक फायदा झाला. तोपर्यंत जो भेटेल तो तिला विचारत होता, "भैया पाहिजे ना?" किराणा दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत. आणि ती पण "हो, भैया" म्हणायला शिकली होती. त्या दिवशी रिक्षात बसल्या-बसल्या मी ठरवलं, आपल्या गोष्टीत भाऊही नाही अन बहीणही नाही, नुसतं बाळ. मराठीचं हे बरं आहे, ते बाळ, ते रडतं, ते झोपतं. कुणी भैया म्हणलं की चिमी ऐटीत सांगायची, "दवाखान्यात लिहिलंय, सांगायचं नाही." काही लोक हसले, काहींची तोंडं वाकडी झाली.

डिसेंबरात मी तिच्यासाठी वही केली. नवीन काहीच नाही त्यात, तिची स्वतःची गोष्ट. मोबाईलमधले तिच्या तान्हेपणाचे १८ फोटो निवडले, स्टुडिओत १० रुपयाला एक असे छापून घेतले, ४० रुपयांची जाड वही, फेविकॉल घरचा. पहिलं पान, आईचं मोठं पोट, "आत चिमी." दुसरं पान, दवाखान्याच्या दुपट्यात लाल तोंडाची चिमी. मग उदगीरच्या आज्जीच्या पायावर अंघोळ घालून घेताना बोंबलणारी चिमी, डोक्याला टोपडं, कपाळावर केवढी तरी मोठी तीट. आणि एका पानावर तिचं जुनं माता-बाल कार्डच प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलं. त्यात तिचं जन्माचं वजन लिहिलंय, २ किलो ८०० ग्रॅम, लसीच्या तारखा, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. माझं नवीन कार्ड आशाताईंनी सप्टेंबरातच काढून दिलं होतं. ही दोन्ही कार्डं शेजारी ठेवून चिमी बसायची, "हे माझं, हे त्याचं. त्याचं रिकामं आहे."

मला विचाराल तर सगळ्यात जास्त कामाला आली ती ही वही. येणाऱ्या बाळाबद्दल लेकराला काय कल्पना असणार, त्याला स्वतःत रस असतो. तू पण अशीच रडायचीस, तू पण रात्री तीनदा उठायचीस, मी तुला पण असंच घेऊन बसायचे, हे फोटोसकट दाखवलं की बाळ म्हणजे काय ते त्याला कळतं, आणि आपण पण हे सगळं मिळवलंय हे पण कळतं. रोज रात्री वही. माझी पाठ व्हायची वेळ आली तरी तिचं मन भरेना.

११ जानेवारी २०२४ ला येळवस होती. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, वेळा अमावस्या, त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि सगळे शेतात. कडब्याची कोप (म्हणजे खोपटं), आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. मला सहावा महिना संपत आलेला, बैलगाडीत बसू नको म्हणून ओरडा खाल्ला. त्याच आठवड्यात गाय व्यालेली. चिमी नवीन वासराला बघून खूश, गाय त्याला चाटायलीय, आणि तेवढ्यात मागच्या वर्षीचं वासरू दूध प्यायला गेलं तर गायीनं त्याला शिंगानं ढकललं. मी मनात म्हणलं, घ्या. एवढे दिवस केलेल्यावर पाणी. चिमी मोठ्या वासराजवळ जाऊन उभी राहिली आणि आबांना विचारलं, "आता ह्याला कोण देणार?"

आबा माळकरी माणूस. ते म्हणाले, "त्याला आता दात आले. ते कडबा खातंय की. आन त्याला मी आहे ना." आणि तिच्याच हातानं मोठ्या वासराला कडबा घालायला लावला. मला हे सुचलं नसतं. मी "गाय दोघांवर पण प्रेम करते" असलं काहीतरी गुळमुळीत बोलले असते, जे समोर दिसतच नव्हतं.

दुपारी कोपीत बसून आबांनी तिला निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ह्या चौघांची गोष्ट सांगितली. आपेगाव, पैठण, आपल्याच मराठवाड्यातली लेकरं. परंपरेनं सांगतात त्या सालांप्रमाणं १२७३, १२७५, १२७७, १२७९, दोन-दोन वर्षांच्या अंतरानं चार. आबांचं गणित असं की "निवृत्तीला तीन वेळा तुझ्यासारखं झालं असंल बघ." ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईनं मांडे भाजले ते ऐकून चिमीचे डोळे मोठे, "पाठ भाजली नाही?" मग ज्ञानेश्वर रुसून ताटी लावून आत बसले आणि सगळ्यात लहान मुक्ताई बाहेरून ताटी उघडा म्हणून हाक मारत राहिली, ते सांगितलं. चिमी म्हणाली, "म्हणजे लहान बाळ पण बाहेर असतं?" आबा म्हणाले, "असतं की. ज्याला आत जायचंय तो बाहेरच असतो." एवढं बोलून ते तंबाखू मळत उठले.

फेब्रुवारीत झोपायची जागा बदलली. हे बाळ यायच्या दोन-तीन महिने आधीच करा, नाहीतर लेकराला वाटतं बाळानंच हाकललं. सासूबाई राहायला आल्या, चिमी त्यांच्याजवळ, आधी दुपारी मग रात्री. कान त्यांचा धरायला लागली, त्या म्हणायच्या, "माझ्या कुडक्या काढून घेते की काय." त्याच महिन्यात तिची शी-शूची सवय अजून पक्की करावी असं माझ्या मनात होतं पण शेजारच्या अंगणवाडीच्या मॅडमनी सांगितलं, एका वेळी एकच बदल. ऐकलं ते बरं झालं.

दिवस मोजायला भिंतीवरचं कॅलेंडर वापरलं. संक्रांत झाली, होळी झाली, पाडव्याची गुढी उतरली की बाळ. तारीख १६ एप्रिलची होती, पाडवा ९ ला. हे मात्र अंगाशी आलं, कारण १० तारखेपासून रोज सकाळी उठल्या-उठल्या, "गुढी तर उतरली, कुठंय?" चार दिवस मी तिला उत्तर देत होते, शेजारणींना उत्तर देत होते आणि उन्हानं जीव जात होता. नेमका सण सांगू नका, "आंबे पिकायला लागले की" असं ढिलं काहीतरी सांगा.

दवाखान्याची पिशवी दोघींनी भरली. तिच्या तान्हेपणीची दोन झबली आणि एक कुंची धुऊन ठेवलेली, ती तिनंच घडी करून घातली, घडी कसली, गोळा. वहीच्या शेवटी मी चार पानं वाढवली होती, आई दवाखान्यात जाणार, दोन रात्री येणार नाही, चिमीजवळ उदगीरची आज्जी झोपणार, आई फोन करणार, मग आई येणार. साध्या काड्यांची चित्रं. ती पानं रोज.

१३ एप्रिलच्या रात्री कळा सुरू झाल्या. पहाटे चारला निघालो तेव्हा चिमी झोपलेली, मी तिला उठवलं. सगळे नको म्हणत होते, रडेल म्हणून. पण वहीत लिहिलं होतं, आई सांगून जाणार, मग सांगूनच जायला पाहिजे ना. ती उठली, अर्ध्या झोपेत म्हणाली, "दोन रात्री," दोन बोटं दाखवली आणि परत झोपली. रिक्षात मी कळांपेक्षा त्या दोन बोटांनी रडले.

११ वाजून ४० मिनिटांनी नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, ३ किलोला थोडं कमी. प्रायव्हेट दवाखान्याचं बिल ३२,००० आणि औषधं वेगळी साडेचार हजारांच्या आसपास. (सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, सोनोग्राफी फुकट असतं आणि गाडीसाठी १०२ ला फोन करता येतो, आम्ही पहिलीच्या वेळच्या डॉक्टर म्हणून इकडं गेलो.) १४ एप्रिल, म्हणजे संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक, पूर्ण रस्ता बंद, चिमीला आणायला गेलेला माझा भाऊ तिला खांद्यावर घेऊन गर्दीतून दीड तासानं पोचला. बारा वर्षांखालच्या लेकरांना वॉर्डात सोडत नव्हते, नर्सच्या हातापाया पडून दहा मिनिटं मिळाली. हे आधीच विचारून ठेवा, आम्ही विचारलं नव्हतं.

मी बाळाला आधीच पाळण्यात ठेवलं होतं, थोरलं लेकरू आत येताना आईचे हात मोकळे पाहिजेत असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. चिमी आली, निळा गुलाल कपाळावर, आणि तिनं बाळाकडं बघितलंच नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती. सलाईन. पट्टी. थोडं रक्त. "तुला कुणी मारलं?" वहीत सलाईन नव्हतं! सगळं काढलं होतं मी, दोन रात्री, आज्जी, फोन, पण आईच्या हाताला सुई असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दहातली आठ मिनिटं त्या सुईत गेली. मग जाताना तिनं पाळण्यात डोकावून विचारलं, "हेच का ते?"

तेवढ्यात खोलीत बसलेल्या एका पाहुण्या बाई उसासा टाकून म्हणाल्या, "परत मुलगीच." कुणी काही बोललं नाही, माझा नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. चिमी त्यांच्याकडं वळून म्हणाली, "मुलगी नाही, बाळ आहे ते." बाई गप्प. मला त्या दिवशी हसायला टाक्यांमुळं येत नव्हतं, तरी हसले.

घरी आल्यावर खरी परीक्षा. बाळंतिणीची खोली, बाहेर ४० च्या पुढं तापमान आणि आत वारा लागू नये म्हणून दार बंद. मालिशवाल्या मावशी सकाळी यायच्या, रोजचे २५०, बाळाची अंघोळ, माझा शेक. धुरीला बाळाच्या डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, धुरानं बाळाला त्रास होतो, त्यावरून सासूबाईंशी दोन दिवस कुरबुर झाली, मग त्यांनी नुसती देवापुरती केली. तिसऱ्या की चौथ्या सकाळी बाळाला अंघोळ चालू आणि दारावर थाप. "आई, दार उघड." मी आतून म्हणाले, "थांब, बाळाला अं..."

आणि तिथंच अडकले. मावशींनी विचारलं, "काय झालं बाई?" बाहेरून परत आवाज, ह्या वेळी गोष्टीच्या चालीत, "चिऊताई चिऊताई, दार उघड." ती खेळत होती का रडत होती ते मला आवाजावरून कळेना. मी मावशींना म्हणलं, दार उघडा. त्या म्हणाल्या वारा लागंल. लागू द्या म्हणलं. चिमी आत आली आणि तिच्या हातात टॉवेल दिला, बाळाला झाकायला. तेव्हापासून दार लोटलेलं, कडी नाही. सासूबाईंना पटलं नाही, पण लोटलेल्या दाराला त्यांनी जुनी साडी पडद्यासारखी बांधली, तेवढी तडजोड झाली.

असं नाही की मग सगळं गोड झालं. झोपेत गादी ओली व्हायला लागली, जे सात-आठ महिने बंद होतं. बोबडं बोलायला लागली. बाळाच्या पायाला चिमटे. एकदा मला पण पाजव म्हणाली, मी नाही म्हणलं नाही, तिनं तोंड लावलं आणि "बेक्कार लागतंय" म्हणून पळाली, परत मागितलं नाही. डॉक्टर म्हणाले हे होतं, रागवू नका, काही आठवड्यांत जातं. आमचं जायला दोन महिने लागले.

आणि गोष्टी बदलल्या. आता तीच सांगायची. दूध पाजताना माझे हात अडकलेले पण तोंड मोकळं, म्हणून दुपारचं पाजणं म्हणजे गोष्टीची वेळ असं ठेवलं होतं, ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. एक दिवस तिचा कावळा आला, त्यानं बाळाला चोचीत धरलं आणि बाभळीवर नेऊन ठेवलं. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं असं अभद्र बोलू नये." माझ्याही पोटात गोळा आला. पण मी विचारलं, "मग?" "मग काही नाही. राहिलं तिथं." रात्रभर मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, बाभळीवरच्या बाळाचं काय झालं? "कावळ्यानं आणून दिलं परत. त्यानं त्याच्या घरात शी केली." हे मी त्यादिवशी दामटून गप्प केलं असतं तर बाळ बाभळीवरच राहिलं असतं.

बारसं २५ एप्रिलला केलं, घरच्या घरी, मंडप वगैरे नाही. आत्यानं कानात नाव सांगितलं आणि कुर्रर्र झाल्यावर दुसरा नंबर चिमीचा, तिनं इतक्या जोरात कुर्रर्र केलं की बाळ दचकून रडायला लागलं. येणारे सगळे बाळासाठी आणायचे, म्हणून मी कपाटात पाच-दहा रुपयांच्या वस्तू भरून ठेवल्या होत्या, खडू, फुगे, टिकल्यांची पाकिटं, कुणी आलं की गुपचूप त्यांच्या हातात द्यायचे, हे चिमीला द्या. "बाळानं तुझ्यासाठी आणलं" असं पण करतात, मला नाही जमलं, पोटातून खेळणं कसं आणलं हे तिनं विचारलंच असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, तोपर्यंत फी नाही. दवाखाना कळवतो पण फॉर्ममधलं स्पेलिंग तुम्हीच डोळ्यांत तेल घालून तपासा, आम्ही घाईत आडनावात एक अक्षर चुकवलं आणि त्यापायी तीन चकरा झाल्या. बाळाचं नाव नंतर टाकता येतं, वर्षाच्या आत टाका. दुसरी मुलगी असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत एकदम ६,००० रुपये मिळतात (काही अटी आहेत, आमचं रेशनकार्डावर बसलं), आईच्या आधार लिंक असलेल्या खात्यात. जन्मापासून २७० दिवसांत अर्ज करायचा आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी झालेल्या लागतात, म्हणून कार्डावर प्रत्येक वेळी शिक्का आणि तारीख बघून घ्या. आमची साडेतीन महिन्यांची लस जुलैच्या शेवटी झाली, ऑगस्टात आशाताईंनी फॉर्म भरला, पैसे यायला नोव्हेंबर लागला. लस द्यायच्या वेळी चिमी नर्सला वही दाखवत होती, "माझ्या पण कार्डावर आहे. मी रडले होते. ते पण रडेल." रडलंच.

बाळ सात महिन्यांचं झालं तेव्हाचं सांगते, उशीचा आधार दिला की बसायचं. मी मशीनजवळ बसून ब्लाउजला हुक लावत होते, आतल्या खोलीत दोघी, आणि बराच वेळ आवाज नाही. लहान लेकरांच्या घरात आवाज नसणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. उठले, दार लोटलेलं. "चिमे, काय करायलीस?"

"आई, तू कावळा हो."

"बरं. चिऊताई चिऊताई, दार उघड."

"थांब, माझ्या बाळाला पावडर लावायले."

आत डबा आपटल्याचा आवाज, बाळाचं खिदळणं. कडी लागलेली नव्हती, ढकललं असतं तर उघडलं असतं. मी परत हाक मारली.

"थांब म्हणलं ना. तीट राहिलीय."

उभी राहिले मग. बऱ्याच वेळानं दार उघडलं तर पाव डबा पावडर फरशीवर, आणि काजळाची माझी नवी डबी रिकामी, बाळाचं कपाळ, दोन्ही गाल अन एक कान काळा.